माइन मान

नवरा शिकायला परदेशी जातो आणि बायको त्याला भेटायला जाते, याला आपल्याकडे रीत आहे. तिला पोचवायला विमानतळावर चार माणसं जातात, ती पर्समधला पासपोर्ट दर पाच मिनिटांनी चाचपून बघते, आणि परत आल्यावर "तिकडे धूळ म्हणून नाही हो!" हे वाक्य वर्षभर पुरवून वापरते. पण बायको शिकायला परदेशी गेली आणि नवरा तिला भेटायला निघाला, तर त्या नवऱ्यासाठी कुणी काही रीत घालून दिलेली नाही. त्याने बरोबर काय न्यावं, तिथे दिवसभर काय करावं आणि परत आल्यावर काय सांगावं, सगळाच अधांतरी कारभार.

आमची ही सांगलीच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवते. मुलगा इंजिनियरिंगच्या होस्टेलवर गेला, घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा हिने कुणाला न सांगता कुठेतरी एक अर्ज टाकला. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात दोन वर्षांची रजा, एक शिष्यवृत्ती आणि माझी मोठी सुटकेस घेऊन ही जर्मनीतल्या ग्योटिंगन नावाच्या गावी निघून गेली. (हे नाव उच्चारताना ओठांचा चंबू 'ओ'चा करायचा आणि आतून 'ए' म्हणायचं असतं. मला ते दोन आठवड्यांत एकदाच जमलं, तेही शिंक येता येता राहिली तेव्हा.)

"संस्कृत शिकायला जर्मनीला?" हा प्रश्न मला काउंटरवर पासबुक भरून घ्यायला आलेल्या प्रत्येक पेन्शनराने विचारला. सुरुवातीला मी नुसता हसत असे. पुढे हिने फोनवर शिकवलेलं उत्तर पाठ केलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पंधराएक वर्षं संस्कृत शिकवणारे, पतंजलीचं महाभाष्य संपादून छापणारे फ्रान्झ कीलहॉर्न नंतर ग्योटिंगनलाच प्राध्यापक झाले आणि १९०८ साली तिथेच वारले. आपल्या रा. गो. भांडारकरांना १८८५ साली डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. म्हणजे पुणं आणि ग्योटिंगन यांच्यात संस्कृतचं जाणं-येणं जुनंच आहे. हे ऐकून पेन्शनर गप्प होत आणि मग खरा प्रश्न विचारत, "पण तुम्ही परवानगी दिलीत?"

आता मी कारकून माणूस. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याच अर्जाला मंजुरी दिलेली नाही. मंजुरी साहेब देतात. आम्ही अर्जावर शिक्का मारून तो पुढे पाठवतो. हिचाही मी पुढे पाठवला.

आठ महिन्यांनी, म्हणजे २०२३ च्या जूनमध्ये, मार्चअखेरीची धूळ खाली बसल्यावर मी दोन आठवड्यांची रजा टाकली. बँकेकडून ना हरकत दाखला घेतला आणि व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. त्यात प्रवासाचा हेतू विचारला होता. पर्यटन, व्यवसाय, वैद्यकीय उपचार, आणि 'कुटुंबीय किंवा मित्र यांची भेट'. एकाच चौकोनात दोन्ही! वीस वर्षं संसार करून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, तो या लोकांनी छापून ठेवला होता. शिवाय ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढल्याशिवाय आत घेणार नव्हते. सांगलीत आजवर माझी एवढी किंमत कुणी केलेली नाही.

सामानावरून आईशी तंटा झाला. तिला सुनेसाठी अर्धा किलो साजूक तूप पाठवायचं होतं. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, हे मी तिला तीन वेळा सांगितलं. "गाईच्या तुपाला कसली बंदी?" असं म्हणून तिने तीन वेळा डबा सुटकेसमध्ये ठेवला आणि मी तीन वेळा काढला. शेवटी भडंग, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला यांच्यावर तडजोड झाली.

फ्रँकफर्टहून जलद गाडीने दोनेक तासांत ग्योटिंगन आलं. ही स्टेशनवर उभी होती. केस कापलेले, पाठीला पोरांसारखी सॅक, आणि शेजारी एक सायकल. वीस वर्षांत मी हिला सायकलवर बसलेलं पाहिलं नव्हतं. फलाटावर हिची कुणी मैत्रीण भेटली, तिला हिने माझ्याकडे हात करून सांगितलं, "माइन मान." मी घाबरून मानेला हात लावला. मग कळलं की जर्मन भाषेत नवऱ्याला 'मान' म्हणतात. मराठीत जो मान मिळायला माणसाला जन्म घालवावा लागतो, तो तिथे नुसत्या लग्नाने मिळतो. पुढच्या दोन आठवड्यांत माझी हीच एक ओळख होती. बँक नाही, हुद्दा नाही, आडनाव नाही. अमकीचा मान.

ही राहते ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह. खोली बरी, पण पलंग नव्वद सेंटिमीटर रुंदीचा. पहिल्याच रात्री वाटाघाटी होऊन मी जमिनीवरच्या उसन्या गादीवर गेलो. स्वयंपाकघर आठजणांत एक. भिंतीवर साफसफाईचा तक्ता, आणि त्यात, मी पोचायच्या आधीच, कोरियाहून आलेल्या एका मुलीने नवव्या रकान्यात माझं नाव घातलेलं! कुणी पाहुणा म्हणून चहाचा कप हातात दिला नाही, फडकं दिलं. कचऱ्याचे चार डबे. कागद वेगळा, वेष्टनं वेगळी, भाजीची देठं वेगळी, आणि ज्याचं कशातच बसत नाही ते चौथ्यात. चहाची पिशवी टाकताना मी पाच मिनिटं उभा राहिलो. दोरा कशात, पानं कशात, चिठ्ठी कशात? आमच्या बँकेत व्हाउचर इतकं काळजीपूर्वक लावलं असतं तर ऑडिटरला दुपारी झोप काढता आली असती.

विद्यापीठाच्या खाणावळीत एकाच ताटाचे तीन दर असतात. विद्यार्थ्यांना कमी, नोकरवर्गाला जास्त, पाहुण्यांना सर्वांत जास्त. म्हणजे समोरासमोर बसून तेच बटाटे खाताना हिचं ताट स्वस्त आणि माझं महाग. वर पैसे हीच भरणार, कारण गल्ल्यावरच्या बाईंशी बोलायला भाषा हिच्याकडे होती. लग्नानंतर हॉटेलातलं बिल प्रथमच माझ्यापुढे न येता हिच्यापुढे गेलं. मी खिशातलं पाकीट उगाच एकदा बाहेर काढून परत ठेवलं.

हिचे वर्ग सुरू झाले की मी मोकळा. अशा वेळी मला माझ्या लायकीचं काम सापडलं ते रिकाम्या बाटल्यांचं. तिथे प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतात. बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की यंत्र पावती देतं, आणि पावती गल्ल्यावर दिली की पैसे. साधी, सुटसुटीत, बिनव्याजी ठेव! त्या आठजणांनी वसतिगृहाच्या गच्चीत हिवाळ्यापासूनची ठेव कुजवत ठेवली होती. मी सत्तावीस बाटल्या मोजून नेल्या, सहा युरो पंचाहत्तर सेंट वसूल केले आणि स्वयंपाकघराच्या डब्यात जमा करून तक्त्याखाली नोंद घातली. त्या दिवसापासून चिलीचा एक मुलगा मला पाहिलं की सलाम करायला लागला.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ही मला 'अरे' म्हणत होती. सांगलीत, आईसमोर काय किंवा आईमागे काय, कायम 'अहो'. मी विचारलं, तर ही थबकली.

"इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, आपोआप तोंडात बसलं. बदलू का?"

"राहू दे," मी म्हटलं. कानाला ते वाईट लागत नव्हतं. कॉलेजातल्या कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटत होतं.

एका रविवारी (रविवारी तिथे दुकानं बंद असतात, त्यामुळे बायकोबरोबर चालण्यावाचून दुसरा खर्च नसतो) आम्ही जुन्या गावाभोवतीच्या तटावरून फिरून आलो. तटाजवळच एक चिमुकलं घर आहे. त्यात बिस्मार्क विद्यार्थी असताना राहिला होता. गावात फार दंगा केला म्हणून त्याला तटाबाहेर राहायला लावलं होतं, म्हणे. पुढे गाउस आणि वेबर यांचा पुतळा. गाउस बसलेला, वेबर उभा. गाउसला मी चटकन ओळखलं, कारण जर्मनीच्या जुन्या दहा मार्कांच्या नोटेवर तोच होता आणि त्याच्या शेजारी सांख्यिकीतला तो घंटेच्या आकाराचा आलेख होता. बी.कॉम.ला याच आलेखाने आमचा अर्धा वर्ग घरी बसवला होता. मार्क २००२ साली व्यवहारातून गेला, पण जर्मनीची मध्यवर्ती बँक जुना मार्क आजही युरोत बदलून देते. मुदत नाही! नोव्हेंबर २०१६ मध्ये, 'तीस डिसेंबरपर्यंतच' या पाटीखाली काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला विचारा, हे ऐकून काय वाटतं. मी गाउसपुढे जरा वेळ उभाच राहिलो. हिला वाटलं, मला गणिताची गोडी लागली.

जुन्या टाऊन हॉलपुढे एक कारंजं आहे. त्यात राजहंसांसारखी बदकं घेऊन उभी असलेली एक गवळणीएवढी साधी पोर, ब्राँझची, १९०१ साली बसवलेली. तिथे ज्याला डॉक्टरेट मिळते, त्याने कारंज्यावर चढून या पोरीचा मुका घ्यायचा आणि तिला फुलं द्यायची, असा रिवाज आहे. १९२६ साली गावाने यावर बंदी घातली. बंदीचं जे व्हायचं तेच झालं. आम्ही पोचलो तेव्हा एक नवी डॉक्टरीणबाई हातगाडीतून येत होत्या. दोस्तमंडळी गाडी ओढतायत, बाईंच्या डोक्यावर पुठ्ठ्याची उंच टोपी. बाई चढल्या, मुका घेतला, टाळ्या पडल्या. खाली एक गृहस्थ उभा होता. एका हातात बाळाची ढकलगाडी, दुसऱ्या हातात बाईंचा कोट. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. भाषेची गरज पडली नाही. तोही कुणाचा तरी मान होता.

टाळ्या थांबल्यावर ही कारंज्याकडे बघतच म्हणाली, "आमच्या बाईंनी विचारलंय. पुढे पीएच.डी. करशील का म्हणून. आणखी तीन वर्षं."

घरी फडताळाच्या आतल्या बाजूला बँकेचं कॅलेंडर आहे. हिचे चोवीस महिने मी त्यावर मांडलेत, आणि दर महिनाअखेर एकेक खोडतो. आठ खोडून झाले होते, सोळा उरले होते. सोळा आणि छत्तीस, बावन्न. हा हिशोब करायला मला बोटं लागली नाहीत. संध्याकाळी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आणली की ती दोन दिवस पुरते, हे सांगावं असं वाटलं. पण ते काही कारंज्यापाशी सांगण्यासारखं नव्हतं.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"म्हटलं, नवरा येतोय, त्याच्याशी बोलून सांगते. त्यांना वाटलं, परवानगी मागणार. मी म्हटलं, तसं नाही. त्याला हिशोब चांगला येतो."

रात्री साडेनऊ वाजले तरी बाहेर ऊन होतं. पलंगाच्या कडेला बसून आम्ही वहीवर दोन रकाने आखले. तिचं मानधन, खोलीचं भाडं, मुलाची फी, घराचे हप्ते, कॉलेजने रजा वाढवली तर आणि नाही वाढवली तर, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आईच्या गुडघ्यापाशी ही बराच वेळ थांबली, मग म्हणाली, "तेव्हा मी दोन महिने येईन. तसं आधीच सांगून ठेवते त्यांना." मी ते लिहिलं. सगळं मांडून झाल्यावर खालची बेरीज जुळत होती. फक्त एक बाब कुठल्या रकान्यात घालावी ते कळेना. हिलाही कळेना. बँकेत अशी रक्कम आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो आणि पुढे जातो. वहीत तळाला मी एक रेघ मोकळी सोडली. हिने ती पाहिली आणि वही मिटली.

निघायच्या दिवशी माझी गाडी पन्नास मिनिटं उशिरा होती. फलाटावरची माणसं घड्याळाकडे बघून चडफडत होती. मला त्या गाडीबद्दल मुळीच तक्रार नव्हती. आम्ही बाकावर बसून उरलेलं भडंग संपवलं. मधेच आईचा फोन आला तेव्हा ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हो आई, आत्ता बसतील गाडीत. ह्यांनी जेवण व्यवस्थित केलंय." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "अरे, ती सॅक नीट लाव ना खांद्याला."

गाडी दिसायला लागली तेव्हा हिला आठवलं. पुढच्या आठवड्यात तक्त्यावर न्हाणीघराची पाळी माझी होती. त्या कोरियन मुलीने नाव काढलंच नव्हतं.

"तुझी पाळी मी करीन," ही म्हणाली.

"लिहून ठेव," मी म्हटलं. "पुढच्या जूनमध्ये वळती करू. पी.एल. शिल्लक आहे."