विहीणबाईंची बोट

आपल्याकडे विहीण म्हणजे मानपानाचं नातं. कार्यात तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, पंगतीत तिचं पान आधी मांडायचं आणि पुढे जन्मभर एकमेकींशी जपून बोलायचं. माझ्या विहीणबाई जर्मन, बव्हेरियातल्या पासाऊ गावच्या. त्यांच्या मानपानात काही राहिलं का, ही धाकधूक मला लेकीच्या लग्नात होती. त्यांना मात्र मानपान ही गोष्टच माहीत नव्हती. आज या वयात माझ्यावर कुणाचे उपकार आहेत असा विचार करते, तेव्हा आईवडिलांच्या पाठोपाठ मला त्याच आठवतात.

हे गेले आणि मी माणसांत जाणं हळूहळू बंद केलं. कुणी अडवलं नव्हतं. सांगलीतलं आमचं घर, शेजार, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, सगळं जागेवर होतं. पण बोलावणं आलं की मला काहीतरी कारण सुचायचं. कपाटातून हात आपोआप फिकट साडीकडे जायचा. लेकीला हे फोनवरूनही कळत असणार. २०२३च्या सप्टेंबरात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा विहीणबाई आल्या आणि कॉफीचा कप खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “पासाऊहून बुडापेस्टला जायचं. डॅन्यूब नदीतून, बोटीनं. आपण दोघीच. केबिन घेतली आहे.”

मी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. तिथे मी घालू काय, आणि परक्या माणसांशी बोलू काय? लेकीनं तो प्रश्न जसाच्या तसा सासूबाईंच्या कानावर घातला. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या हातचा, पाठपोट लिहिलेला कागद मिळाला. इंग्रजी त्यांचीही परकी भाषा, म्हणून प्रत्येक अक्षर सुटं काढलेलं.

तो कागद मी जपून ठेवला आहे. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांवर असतात तशा थाटामाटाच्या रात्री नदीच्या बोटीवर नसतात, असं त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. गाऊन नको, उंच टाचा नकोत, दागिने घरी ठेवावेत. कपाट लहान असतं. दिवसा आपण दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांतून चालणार, म्हणून पायांत सपाट आणि न घसरणारे बूट हवेत. रात्रीच्या जेवणाला स्वच्छ, इस्त्रीचे, बरे कपडे. अर्ध्या चड्डीत जेवायला येऊ नये, एवढीच पुरुषांकडून अपेक्षा. कप्तान स्वागत करतो ती पहिली संध्याकाळ आणि निरोपाचं जेवण, या दोन वेळी थोडं नीटनेटकं दिसावं. वरच्या डेकवर वारा झोंबतो, तेव्हा एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे बरे. खाली वेगळ्या शाईनं एक ओळ होती: “साडी आणावी. मला ती नेसताना बघायची आहे.”

त्या कागदात माझ्या अनुभवाची भर घालते, कारण साडी नेसणाऱ्या बाईला हे दुसरं कोण सांगणार? बोटीतून धक्क्यावर उतरायची फळी उताराची असते आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या असतात, म्हणून साडी घोट्याच्या वर बोटभर नेसावी. खळ घातलेली सुती साडी डेकवर वाऱ्यात आवरत नाही. रेशमी किंवा जड काठाची अंगासरशी राहते. पदराला खांद्यावर एक पिन पुरत नाही, कमरेशीही एक हवी. परकराच्या आत लोकरी पायमोजे चालतात, ते कुणाला दिसत नाहीत. फिरायला जाताना सलवार-कमीज आणि बूट. कोल्हापुरी चपला मी नेल्या होत्या, पण त्या केबिनमध्येच राहिल्या. ओल्या दगडावर त्यांचा भरवसा नाही.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. बोट संध्याकाळी सुटायची होती, म्हणून विहीणबाई मला जुन्या नगरभवनापाशी घेऊन गेल्या. धक्का तिथून चार पावलांवर. त्या इमारतीच्या भिंतीवर पुराच्या रेघा मारलेल्या आहेत, प्रत्येकीशेजारी साल. सगळ्यात वरची १५०१ची. तिच्या खालची २०१३ची. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. त्या जूनमध्ये डॅन्यूबचं पाणी तिथे १२.८९ मीटरपर्यंत चढलं होतं. विहीणबाईंचं घर नदीकडच्या उतारावर. तळघर छतापर्यंत भरलं, पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं.

मी त्यांना आमचं २०१९ सांगितलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आम्ही गावभागातले. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा शालू होता, आईची पैठणी होती. पाणी ओसरल्यावर कपाटाचं दार उघडेना, इतका गाळ आत बसला होता.

विहीणबाईंनी विचारलं, “वास किती दिवस राहिला?”

पुराची हकीकत ऐकून हळहळणारे पुष्कळ भेटले होते. वासाचं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ज्याच्या घरात पुराचा गाळ शिरला आहे त्यालाच हा प्रश्न सुचतो. मग आम्ही त्या भिंतीशी उभ्या राहून खूप वेळ बोललो. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की दगड होतो. भिंतीचा गिलावा किती उंचीपर्यंत खरवडावा लागला. त्यांच्याकडे विद्यापीठातली मुलं फावडी घेऊन गल्लीगल्लीत आली होती. आमच्याकडे आसपासच्या गावांतून भाकरी आली, झाडू आणि बादल्या घेऊन अनोळखी माणसं आली. त्यांचा लग्नातला पोशाख त्याच तळघरात गेला. त्या दोन तासांत मानपानाचं अंतर गळून पडलं, आणि आम्ही बोटीवर चढलो त्या एकाच नदीकाठच्या दोन बायकांसारख्या.

बोट १३५ मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम साडेअकरा मीटर. मेन-डॅन्यूब कालव्यातले जलपाश, म्हणजे बोटींना वरच्या-खालच्या पाण्यात नेणारे दारांचे हौद, १२ मीटर रुंद, म्हणून बोटीही त्या मापाच्या. पासाऊ ते व्हिएन्नाच्या टप्प्यातही धरणांजवळ जलपाश एकामागून एक येतात. रात्री जाग आली तर खिडकीबाहेर वीतभर अंतरावर ओली काँक्रीटची भिंत सरकत असायची. बोट अरुंद आणि प्रवासी दीडशेच्या आसपास, त्यामुळे चेहरे दुसऱ्याच दिवशी ओळखीचे होतात. जेवणघरात जागा ठरलेल्या नसतात. सहा-आठ जणांची टेबलं, कुणीही कुठेही बसावं. माझ्यासारखीला तीच मोठी परीक्षा. हातात पर्स घट्ट धरून मी दाराशी थबकले, तेव्हा विहीणबाईंनी आपला नियम सांगितला: एका टेबलावर दोनदा बसायचं नाही, आणि एक दिवसाआड आपण दोघी वेगळ्या टेबलांवर.

मला राग आला होता. यांनीच आणलं आणि यांनीच सोडून दिलं. पण त्या सोडून देत नव्हत्या. टेबलाशी जाऊन आधी विचारायच्या, “इथे माझ्या विहीणबाई बसल्या तर चालेल ना?” माझ्याविषयी एकच गोष्ट सांगायच्या, पुढच्या बोलण्याला धागा मिळेल अशी: या बँकेत होत्या, किंवा यांच्या गावात हळदीचा मोठा बाजार आहे. मग निघून जायच्या. हळदीवरून ग्राझच्या एका निवृत्त औषधविक्रेत्याशी जेवण संपेपर्यंत गप्पा झाल्या. त्यांना हळदीची पेवं कशी असतात, जमिनीखाली ती कशी टिकते, सगळं जाणून घ्यायचं होतं.

काय विचारू नये, हे त्यांनी मला बोटीवर चढण्याआधीच सांगितलं होतं. पगार, वय, मुलं का नाहीत, नवरा कशानं गेला. आपल्याकडे या प्रश्नांत आपुलकी असते, हे मी त्यांना समजावलं आणि त्यांनी ते मानलंही. पण अनोळखी माणसाला उत्तर देणं भाग पडू नये, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. आज काय पाहिलंत, उद्या कुठे उतरणार, यावर सुरुवात करावी. माणसाला सांगायचं असेल तर तो स्वतः सांगतो, आणि तसंच झालं. टेबलाशी येताना सगळ्यांना नमस्कार करावा, समोरचा बव्हेरियातला असेल तर ‘ग्रुस गॉट’ म्हणावं. पेला पेल्याला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं. मी दारू घेत नाही, तर माझ्या हाती त्यांनी आप्फेलशोर्ले दिलं, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. कुणी विचारलं नाही की मी का घेत नाही. खुर्चीवर पिशवी ठेवून जागा अडवू नये, यावर त्या फार कडक होत्या. शेवटच्या रात्री बक्षिसीचं पाकीट स्वागतकक्षातल्या सामायिक पेटीत टाकावं, म्हणजे जे दिसत नाहीत त्या धोबीखान्यातल्या आणि भांडी घासणाऱ्या माणसांनाही वाटा मिळतो.

पडद्याचं त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं. व्हिएन्नात राइख्सब्रुके पुलाजवळ बोटींची इतकी गर्दी असते की त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. काठावर जायला दुसऱ्या बोटीच्या दिवाणखान्यातून चालत जावं लागतं. सकाळी डोळे उघडले तर आपल्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी. साडी बदलायच्या आधी पडदा ओढलाच पाहिजे.

वाखाऊच्या खोऱ्यात, मेल्कचा पिवळा मठ मागे पडल्यावर, दोन्ही काठांवर द्राक्षांचे टप्पे चढत गेलेले दिसतात. सगळे वर डेकवर होते. ड्यूर्नश्टाइनचा निळा मनोरा आला, वरती टेकडीवर पडका किल्ला. इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२च्या हिवाळ्यात तिथे कैदेत ठेवलं होतं. मी ती गोष्ट वाचलेली होती. शेजारच्या बाईंना मीच ती सांगायला लागले, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की चार-पाच माणसं माझ्या भोवती येऊन ऐकत उभी आहेत. विहीणबाई लांब कठड्याशी होत्या. त्यांनी पाहिलं, आणि मुद्दाम जवळ आल्या नाहीत.

निरोपाच्या जेवणाच्या संध्याकाळी त्यांनी बॅगेतून डिर्न्डल काढला, म्हणजे त्यांच्याकडच्या बायकांचा पारंपरिक पोशाख. पुरात गेला त्याच्या जागी शिवलेला, गडद हिरवा, वर तांबूस रेशमी एप्रन. एप्रनच्या नाडीची गाठ कुठे बांधायची याला त्यांच्याकडे अर्थ आहे: डावीकडे असेल तर लग्न व्हायचं आहे, उजवीकडे असेल तर झालं आहे, मागे बांधली तर विधवा. आरशासमोर उभ्या राहून त्यांनी हे मला समजावलं आणि गाठ उजवीकडे बांधली. त्यांच्या यजमानांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, “मी अजून त्यांचीच बायको आहे. गाठ मागे का नेऊ?”

माझ्या बॅगेत तळाशी एक इरकल होती. हिरवी, लाल टोपपदराची. पुरात सगळ्या साड्या गेल्यावर ह्यांनी पेठेत जाऊन स्वतःच्या पसंतीनं आणलेली, त्यांची शेवटची खरेदी. त्यांच्यामागे ती मी एकदाही नेसले नव्हते. लेकीनं ती बॅगेत घातली होती आणि रोज मी ती बाजूला सारून दुसरी काढत होते. त्या संध्याकाळी काढली. विहीणबाई पलंगावर बसून निऱ्या घालताना बघत होत्या. मधेच उठल्या, खाली वाकून निऱ्यांची टोकं जुळवून धरली. ते कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एवढे दिवस बघून बघून आलं होतं. खाली जेवणघरात औषधविक्रेते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला खुर्ची ओढून दिली. बाहेर बुडापेस्टचं संसदभवन दिव्यांनी उजळलं होतं. मी जेवले, बोलले, रात्री उशिरापर्यंत बसले.

पुढच्या संक्रांतीला विहीणबाई सांगलीला आल्या. या वेळी पाठपोट कागद मी लिहिला. सुती कपडे आणावेत, घरात शिरताना बूट काढावेत, तिळगूळ उजव्या हातानं घ्यावा, प्रत्येक गोष्टीला आभार मानू नयेत, लोक वय आणि पगार विचारतील तर मनाला लावून घेऊ नये. हळदीकुंकू आमच्या घरी झालं. मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं, नवरा असलेल्या आणि नसलेल्या. दोघी-तिघी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या आणि प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लागलं, विहीणबाईंच्या आणि माझ्याही. एक म्हातारी शेजारीण दारातच थांबून राहिली होती. विहीणबाई उठल्या, तिच्यापाशी गेल्या, आणि भाषा येत नसताना तिला हाताला धरून माझ्या शेजारच्या खुर्चीवर आणून बसवलं.

आता बाझेलहून ऱ्हाइननं ॲमस्टरडॅमपर्यंत जायचं ठरतं आहे. उन्हाळा सरता सरता काउबजवळ पाणी उतरतं आणि बोटी अडतात, तेव्हा मे महिना धरावा असं त्यांचं मत आहे. तारखेवर आमचं एकमत आहे. भाडं कुणी भरायचं यावर नाही. माझ्या ठेवीची मुदत मार्चमध्ये संपते आहे. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.