मान आधी की अभ्यास आधी?

मुलामुलींच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे चांगल्या सुशिक्षित कुटुंबांतही विचाराच्या अगोदर अभिमान बोलू लागतो, हा अनुभव बहुतेक वाचकांस असेल. मूल काय शिकणार यापेक्षा ते कोठे शिकणार, आणि कोठे शिकणार यापेक्षा ते नाव चारचौघांत सांगण्याजोगे आहे की नाही, याची काळजी वडीलधाऱ्यांस अधिक असते. आमचे घरही याला अपवाद नाही. यंदा आमच्या कुटुंबात असाच एक प्रसंग उद्भवला. प्रसंग तसा लहान. परंतु त्यापायी वडिलोपार्जित जमीन विकण्यापर्यंत मजल गेली होती. अशा प्रसंगांतून पुष्कळ घरे जात असतील, म्हणून त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने करीत आहोत.

आमचे धाकटे बंधू गेली बावीस वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतात. त्यांची थोरली कन्या यंदा शाळा संपवून कॉलेजात जावयाची होती. मुलगी अभ्यासू, गणित व संख्याशास्त्र हे तिचे जिवाभावाचे विषय. एका सरकारी विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. परंतु त्याच विद्यापीठात निवडक विद्यार्थ्यांकरिता जे ऑनर्स कॉलेज आहे, त्यात तिची निवड झाली नाही. कारण पत्रात दिलेले नव्हते. अशा पत्रांत ते सहसा नसतेच. रविवारी व्हिडिओ कॉलवर पुण्याचे आमचे सारे घर जमले असता मातोश्रींनी तिला विचारले, "अगं, प्रवेश मिळाला ना? मग डोळे का सुजलेत?" त्यावर ती म्हणाली, "मिळाला गं आजी, पण साधा मिळाला."

त्या 'साधा' शब्दाने घरातील सर्वच गप्प झाले. सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःविषयी काढलेला तो निष्कर्ष होता, आणि तो काढण्यास तिला एक पत्र पुरले होते.

बंधूंची अवस्था तिच्याहून बिकट. दूरच्या राज्यातील एका नामांकित खाजगी कॉलेजाने तिला घेतले होते. त्यांनी आम्हांस लिहिले, "दादा, पोरीचा मान राहिला पाहिजे. तिला खाजगी कॉलेजातच घालावे म्हणतो. रत्नागिरीकडच्या जमिनीतला माझा वाटा मोकळा करून द्यावा." ती जमीन तिघा भावांची सामाईक, वडिलांनी स्वतः लावलेली हापूसची कलमे तीत आहेत. वडीलकीच्या नात्याने उत्तर आम्हांस द्यावयाचे होते. होकार दिला तर जमीन जाणार. नकार दिला तर पुतणीच्या शिक्षणाच्या आड काका आला, हा बोल जन्माचा राहणार. मुदतही थोडीच होती, कारण तेथील बहुतेक कॉलेजांस विद्यार्थ्याने आपला निर्णय 1 मेपर्यंत कळवावा लागतो. तेव्हा हो-नाही करण्यापूर्वी हे ऑनर्स म्हणजे आहे तरी काय, याची नीट चौकशी करण्याचे आम्ही ठरविले.

हा शब्द मूळचा इंग्लंडातील विद्यापीठांचा. तेथे साधी पदवी वेगळी आणि ऑनर्सची पदवी वेगळी; ऑनर्समधील श्रेणी शेवटच्या परीक्षांवर ठरावयाची. आपल्याकडे रँग्लर ही पदवी आदराने उच्चारली जाते, तिचेही मूळ हेच. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय, आणि पुढे ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. हा मान त्यांस केंब्रिजच्या दारात पाऊल ठेवताना कोणी दिला नव्हता. अभ्यास पुरा करून, परीक्षेस बसून त्यांनी तो मिळविला.

अमेरिकेत या पद्धतीस मोठे वळण दिले ते फ्रँक एडलॉट यांनी. ते स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले. स्वार्थमोर या लहानशा कॉलेजाचे अध्यक्षपद 1921 साली त्यांच्याकडे आले आणि 1922 साली त्यांनी तेथे ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. शेवटच्या दोन वर्षांत थोड्या विद्यार्थ्यांनी एका प्राध्यापकाभोवती बसून चर्चेने शिकावे, आणि परीक्षा मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घ्यावी, अशी ती योजना. पुढे मोठमोठ्या सरकारी विद्यापीठांनी ही कल्पना उचलली, पण तिचे रूप पालटले. हुशार विद्यार्थी खाजगी कॉलेजांकडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी ऑनर्स कॉलेजे काढली व त्यांची निवड प्रवेशाच्या वेळीच करण्याचा प्रघात पाडला. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठात 1980 साली असा अभ्यासक्रम निघाला. 1997 साली श्रायर दांपत्याने तीन कोटी डॉलर दिले, आणि त्याचे श्रायर ऑनर्स कॉलेज झाले. याप्रमाणे जो मान शेवटी मिळावयाचा, तो दाराशी येऊन बसला.

आता या कॉलेजांतून विद्यार्थ्यास काय मिळते? न मिळालेली द्राक्षे आंबट म्हणण्याची आमची इच्छा नाही. लहान वर्ग, प्राध्यापकांची जवळून ओळख, बहुधा स्वतंत्र वसतिगृह, अभ्यासक्रमांसाठी इतरांच्या अगोदर नाव नोंदविण्याची सवलत, कोठे कोठे शिष्यवृत्ती, आणि अखेरीस एक प्रबंध लिहिण्याची शिस्त. हे सर्व लाभ खरे आहेत, आणि मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात बसावे लागते तेव्हा त्यांची किंमत विशेष वाटते. परंतु वसतिगृहाच्या खोल्या आणि चर्चावर्गातील खुर्च्या मोजक्याच असल्याने योग्य अशा कित्येकांस नकार देणे या कॉलेजांस भागच पडते. म्हणजे त्या पत्राचा अर्थ जागा संपल्या एवढाच असू शकतो. मुलगी साधी आहे असा तो होत नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस याहून महत्त्वाची वाटली. अमेरिकेत ऑनर्स या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू वावरतात. पहिली, प्रवेशाच्या वेळी मिळणारे ऑनर्स कॉलेज. दुसरी, विषयाच्या विभागाकडून मिळणारे ऑनर्स. ठरावीक गुण राखून, वरच्या इयत्तेचे अभ्यासक्रम पुरे करून, प्राध्यापकाच्या देखरेखीखाली प्रबंध लिहिला म्हणजे ते मिळते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यासाठी ऑनर्स कॉलेजात असण्याची अट नसते. तिसरी, पदवीदानाच्या वेळी एकंदर गुणांवरून पदवीपुढे लागणारी 'कुम लाउडे', 'मॅग्ना कुम लाउडे', 'सुम्मा कुम लाउडे' ही लॅटिन बिरुदे. यांतील पहिली वस्तू सतराव्या वर्षी दुसऱ्यांनी बांधलेल्या अंदाजावर मिळते. उरलेल्या दोन चार वर्षांच्या कामावर. आपल्याकडे 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर जी चार वर्षांची ऑनर्स पदवी आली, तिचीही रचना या दुसऱ्या जातीची आहे. तीन वर्षांची पदवी 120 श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स 160 श्रेयांकांची. आणि संशोधनासह ऑनर्स हवे असल्यास पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. तेथेही आधी काम, मग मान.

एवढे समजल्यावर मग हिशेबाची वही उघडली. मुलीपुढे मार्ग तीन होते. सरकारी विद्यापीठाचा शिकवणी, राहणे, जेवण मिळून वर्षाचा खर्च 36,000 डॉलर. खाजगी कॉलेजाचा, त्यांनी दिलेली मदत वजा जाता, 64,000 डॉलर. तिसरा मार्ग जवळच्या काउंटी कॉलेजाचा. तेथे घरी राहून वर्षाकाठी 7,000 डॉलरांच्या आत दोन वर्षे काढता येत होती, आणि नंतर राज्यातील सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षास जाता येत होते; ते श्रेयांक मान्य करण्याची व्यवस्था न्यू जर्सीत कायद्यानेच केलेली आहे.

बंधूंस शिलकीतून व चालू मिळकतीतून वर्षाला 32,000 डॉलर घालता येत होते. सरकारी विद्यापीठास 4,000 कमी पडत होते. तेथील सरकार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500 आणि पुढील दोन वर्षे प्रत्येकी 7,500 डॉलरांपर्यंत कर्ज देते; त्यात ही तूट सहज भागत होती. खाजगी कॉलेजाची तूट मात्र वर्षास 32,000, म्हणजे दरवर्षीची शुल्कवाढ सोडून दिली तरी चार वर्षांत 1,28,000 डॉलर. त्यांतून विद्यार्थिनीचे पुरे कर्ज 27,000. नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांस 1 जुलै 2026 पासून एका मुलामागे वर्षाला 20,000 व एकंदर 65,000 डॉलरच सरकारी कर्ज मिळावे, असा निर्बंध 2025 च्या कायद्याने घातलेला. ही दोन्ही कर्जे काढूनही 36,000 डॉलर उरतात. ते जमिनीतून यावयाचे. आम्ही बंधूंस एवढेच लिहिले की, "जमीन विकण्यास आमची हरकत नाही, वाटा तुमचा आहे. परंतु जमीन जाऊनही बाप-लेकीच्या डोक्यावर मिळून 92,000 डॉलरांचे कर्ज राहते, आणि धाकटा मुलगा तीन वर्षांनी कॉलेजात जावयाचा आहे. हे सर्व गणितातील अधिक चांगल्या शिक्षणासाठी होत असेल तर अवश्य करावे. त्या पत्राला उत्तर देण्यासाठी होत असेल तर करू नये."

यावर चार दिवस उत्तर आले नाही. बंधूंस राग आला असेल असे सौभाग्यवतींस वाटले, आणि ते स्वाभाविकही होते. पाचव्या दिवशी उत्तर आले ते पुतणीचे. बापाचे पत्र तिने वाचले होते. जमिनीची गोष्ट तिला तेव्हाच प्रथम कळली. तिने लिहिले होते, "काका, कोणत्या कॉलेजात गेले असता मी कमी दिसणार नाही, एवढाच विचार मी करीत होते. आता काय विचारायचे ते तुम्ही सांगा."

आम्ही तिला चार प्रश्न लिहून पाठविले. तुला हवे ते वरच्या इयत्तेचे गणित ऑनर्स कॉलेजाबाहेरच्या विद्यार्थ्यास घेता येते काय? विभागाचे ऑनर्स मिळविण्याच्या अटी कोणत्या? पहिल्या वर्षानंतर ऑनर्स कॉलेजात पुन्हा अर्ज करता येतो काय? आणि कोणताही मान मिळाला नाही असे धरून चालले, तरी हे विद्यापीठ तुला हवेसे वाटते काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तिने गणित विभागाकडून पत्राने मागविली. प्राध्यापकाच्या अनुमतीने ते वर्ग कोणासही खुले होते. प्रबंधाची सोय सर्वांस होती. आणि वर्षअखेर गुणांवर नव्याने अर्ज करण्यास वाव होता. काउंटी कॉलेजाचा स्वस्त मार्ग पुष्कळांच्या दृष्टीने उत्तम. परंतु हिचे कलनशास्त्र शाळेतच झालेले असल्याने तेथील गणित वर्षभरात संपून ती रिकामी बसली असती. खाजगी कॉलेजास मदत वाढविण्याविषयी विनंती करून पाहिली. त्यांनी नम्रपणे असमर्थता कळविली. त्यांनी पुरेशी मदत दिली असती, तर तेथील लहान वर्गांसाठी आम्हीच तिला तिकडे जाण्यास सांगितले असते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मागविण्याजोगे नव्हते. त्यासाठी ती एक दिवस विद्यापीठात जाऊन एका मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसून आली. तास संपल्यावर तिने प्राध्यापकांस एक शंका विचारली. त्यांनी फळ्यापाशी उभे राहून वीस मिनिटे समजावून सांगितले व पुन्हा येण्यास सांगितले. तिने बापास सांगितले, "बाबा, विचारले की मिळते." एप्रिलच्या अखेरीस तिने सरकारी विद्यापीठास होकार कळविला. बंधूंच्या मनातील रुखरुख अजून पुरती गेलेली नाही. परिचितांनी विचारले असता विद्यापीठाचे नाव ते थोडे हळूच सांगतात. त्यालाही काळच औषध आहे.

आमच्या वाचकांत ज्यांची मुले आज अशाच पत्रांची वाट पाहत असतील, मग ती पुण्यात असोत की परदेशी, त्यांस आमची एकच विनंती आहे. नकार आला तर पहिले दोन दिवस हिशेब व उपदेश दोन्ही बाजूस ठेवावे. मुलास वाईट वाटू द्यावे, कारण ते वाटणारच. त्यानंतर त्याच्याबरोबर बसून त्या मानातून नेमके काय मिळणार होते, याची यादी करावी. त्यांतील कोणत्या गोष्टी मागून, खपून, थोड्या उशिराने मिळू शकतात आणि कोणत्या मुळीच मिळणार नाहीत, हे वेगळे काढावे. घराची सर्व परिस्थितीही त्याच्यापुढे मांडावी. सतरा वर्षांच्या मुलास ती पेलत नाही असा आपला समज असतो. आमच्या पुतणीस ती आमच्याहून लवकर पेलली.

ऑगस्टअखेर तिचे वर्ग सुरू होतील. विभागाचे ऑनर्स तिला मिळेल की नाही, हे चार वर्षांनी कळेल. मातोश्रींनी तिला यंदाच्या आंब्यांच्या साटांचा डबा पाठविला आहे, आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, "आपल्या झाडांचे आहेत. मैत्रिणींनाही दे."