नगरींत पाणी कोठून येतें?

अद्भुत कथांची गोडी ज्यास लागली नाहीं असें बालपण विरळाच. मलाही ती लागली होती, आणि एका बैठकींत एक कादंबरी संपविणें यांत मी मोठें भूषण मानीत असें. वाचतां वाचतां आपणही असेंच कांहीं लिहावें अशी उत्कंठा झाली, व एका उन्हाळ्याच्या सुटींत मीं चाळीसपानी वहींत एक अद्भुत कादंबरी पुरी केली. तींत सात राज्यें होतीं, तीन मांत्रिक होते, एक उडतें सिंहासन होतें. आणि युद्धें किती होतीं याची मोजदाद खुद्द मजपाशींही नव्हती.

त्याच पावसाळ्यांत माझा धाकटा भाऊ चिखलांत घसरून पडला. पाय मोडल्यामुळें त्यास दीड महिना अंथरुणावर काढावा लागला. रात्रीं ठणक्यामुळें त्यास झोंप येत नसे. माझ्या कादंबरीचा याहून चांगला उपयोग तो कोणता, असें मनांत आणून मी वही घेऊन त्याच्या उशाशीं बसलों. पहिल्या पांच पानांत नायक तीन राज्यें ओलांडून गेला. सहाव्या पानावर राजधानी जळाली. सातव्यावर मांत्रिकानें ती पुन्हा उभी केली. इतक्यांत भावानें विचारलें, "दादा, त्या नगरींतलीं माणसें पाणी कोठून आणतात?"

"तें गोष्टींत नाहीं," मी म्हणालों.

"मग आग लागली तेव्हां त्यांनीं ती विझविली कशानें?"

मला उत्तर सुचेना. त्यानें भिंतीकडे तोंड फिरविलें. त्या रात्रीं तो पुष्कळ वेळ कण्हत होता, आणि माझीं सातही राज्यें मिळून त्याचें दुःख घटकाभर हलकें करूं शकलीं नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी खिन्न मनानें गोदाघाटाकडे गेलों. पाऊस लागून राहिला होता व नदीचें पाणी चढत होतें. लोक पुलावर उभे राहून रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे पाहात होते. आम्हां नाशिककरांचें पुराचें माप म्हणजे हा मारुति. पाणी गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, अशा भाषेंत येथें पूर सांगतात. आणि तेवढ्यावरून नदीकांठचे दुकानदार आपला माल हलवावयाचा कीं नाहीं तें ठरवितात. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरांत तर ती सबंध मूर्ति पाण्याखालीं गेली होती.

मी तेथेंच थबकलों. दोन तोंडांची ही प्रचंड मूर्ति जन्मापासून पाहात असून मला ती कधीं अद्भुत वाटली नव्हती. आणि अद्भुत म्हणून निर्माण केलेले माझे मांत्रिक मात्र अगदींच पोकळ होते. कारण उघड होतें. मारुतीच्या गुडघ्याशीं कोणाचें तरी दुकान, कोणाची तरी रात्रीची झोंप बांधलेली आहे. माझ्या मांत्रिकाच्या मंत्राशीं कोणाचेंच कांहीं बांधलेलें नव्हतें.

त्या रात्रीं मीं वही उघडली नाहीं. एकच नगरी घेतली, एकच नदी, आणि नदींत उभी असलेली एक पाषाणमूर्ति. पाणी गळ्याशीं आलें म्हणजे ती डोळे उघडी, आणि तिच्यावर रात्रीं पहारा ठेवण्याचें काम एका कुंभाराच्या मुलाकडे असे. त्याची कांबळी भिजे, कंदिलांतलें तेल संपे, भाकरी पुरत नसे. अकरा रात्रींत पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंतच चढलें, पण रोज दिवेलागणीस भाऊ विचारी, "दादा, आज पाणी कोठवर आलें?" आणि बहुधा उत्तर ऐकतां ऐकतां तो झोंपीं जाई.

पुढें मराठी कादंबरीचा इतिहास वाचतांना असें आढळलें कीं, ही चूक कांहीं माझ्या एकट्याची नव्हे. नारो सदाशिव रिसबूड यांनीं आपल्या 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेंत आपली अडचण मोकळेपणानें मांडिली आहे. आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती व एकंदर जीवनक्रम पाहतां त्यांत मनोरंजक असें फारसें सांपडत नाहीं, रोजच्या अनुभवांत चटक लावण्यासारखें कांहीं नसतें, म्हणून अद्भुताकडेच वळावें लागतें, असा त्यांचा आशय आहे. हरि नारायण आपटे यांनीं १८९० पासून 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहून यमूच्या साध्या घरगुती आयुष्यानेंच वाचकांस चटका लाविला, तेव्हां त्या म्हणण्याचा अर्धा भाग खोटा ठरला. माझ्या मतें उरलेला अर्धाही खरा नाहीं. कारण रोजच्या जीवनास सोडून अद्भुतही उभें राहात नाहीं. इंग्लंडांत प्रोफेसर टॉल्किन यांचा मोठा अद्भुत ग्रंथ १९५४-५५ सालीं तीन भागांत निघाला. पण त्यांतील लोकांच्या भाषा व पुराणकथा ते त्यापूर्वी कित्येक वर्षें रचीत होते. त्यांचे प्रवासी दिवसचे दिवस पायीं चालतात, थकतात, शिदोरी जपून खातात. म्हणूनच त्यांच्या संकटानें आपलें काळीज हलतें.

लिहूं इच्छिणाऱ्या माझ्या विद्यार्थिबंधुभगिनींस एवढीच विनंती कीं, सात राज्यें जिंकण्याची घाई करूं नये. एकाच राज्यांत अगोदर चूल पेटवावी.

भाऊ आतां चांगला हिंडूं फिरूं लागला आहे. ती वही अजून आमच्या फडताळांत आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यानें पेन्सिलीनें एक विहीर काढून ठेविली आहे.