बिबट्याच्या मुलखातला पैलवान

आमचं घर गावठाणात नाही, ओतूरच्या बाजूला मळ्यात आहे, आणि तिन्ही अंगांनी ऊस. दिवेलागणीनंतर इथं पोरांना अंगणात सोडत नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात होतो आणि कुत्रं ही त्यांची सोपी शिकार. आमचा मोत्या तसाच गेला. लेकानं पुन्हा पिल्लाचा हट्ट धरला तेव्हा ह्यांनी साफ नाही म्हटलं, आणि पुढच्या वेळी पुण्याहून येताना एक फायटर मासा घेऊन आले. मूठभर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत, निळा, शेपटीला तांबडी झाक. आरसा दाखवला की कल्ल्यांची झाकणं फुगवून अंगावर येई, म्हणून पोरानं नाव ठेवलं पैलवान.

“याला काही लागत नाही, बरणीतसुद्धा जगतो,” असं दुकानदारानं ह्यांना सांगितलं होतं. हे अर्धं खरं, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायीच या माशांचे हाल होतात. हा मूळचा थायलंडचा. तिथं 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मानही मिळाला. भातखाचरं आणि उथळ पाणथळी हे त्याचं घर. अशा पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून कल्ल्यांच्या वर त्याला घड्याघड्यांचा एक खास अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तो थेट हवा घेतो.

मी हे वाचून दाखवत होते तेव्हा सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मग आपली मरळ दुसरं काय करती?” त्यांचं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणात बुडालेल्या गावांपैकी. ज्याच्या नावानं तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगावही त्याच पाण्याखाली आहे. लहानपणी त्यांचे भाऊ मरळ ओल्या गवतात गुंडाळून आणत आणि ती घरी पोचेपर्यंत जिवंत असे. आई माळकरी, मासा खात नाहीत, पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मरळ आणि फायटर शास्त्राच्या वर्गीकरणातही एकाच गणातले.

फरक एवढाच, की भाताचं खाचर ऐसपैस असतं आणि बरणीत माशाची घाण बरणीतच राहते. त्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो माशाचे कल्ले जाळतो. मग वीसेक लिटरची काचेची टाकी आणली, वर झाकण, कारण हा उडी मारतो. आत स्पंजचा फिल्टर, तोही हळू चालणारा. एवढी लांब शेपूट घेऊन त्याला धारेविरुद्ध पोहणं झेपत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजावर राहतात. त्यांचा जम बसायला काही आठवडे लागतात, तोवर पाणी वरचेवर थोडं थोडं बदलत राहायचं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाला ग्रामपंचायतीचं टीसीएल टाकलेलं पाणी येतं, ते बादलीत एक दिवस उघडं ठेवून मगच वापरते. आता आठवड्याला पाव टाकी बदलली की भागतं. पोराच्या शाळेत बदामाचं झाड आहे, त्याचं वाळलेलं पान पाण्यात सोडते. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, पाहुण्यांना ते घाण वाटतं, पैलवानाला मात्र मानवतं.

खरा शत्रू थंडी. पंचवीस ते अठ्ठावीस अंश त्याला हवेत आणि आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो. गारठला की तो तळाशी बसतो, पर मिटतो, दाण्याकडे बघतही नाही. लोकांना वाटतं मासा आळशी आहे. छोटा हीटर आणि थर्मामीटर यांना पर्याय नाही. वीज गेली की टाकीला गोधडी गुंडाळायची, वरची हवेची जागा मोकळी ठेवायची. “शेताला दिवसा वीज देत नाहीत, तुमच्या माशाला रात्रभर पाहिजे,” असं शेजारचे काका टोमणा मारतात. अंधारात मोटार चालू करायला जाताना बिबट्याची धास्ती काय असते ते आम्हीही जाणतो, त्यामुळे मी काही बोलत नाही.

खाण्यावरून घरात वेगळीच गंमत. हा पक्का मांसाहारी. डासांच्या अळ्या त्याला मेजवानी. पण त्यासाठी पिंपात पाणी साठवून ठेवलं तर आशाताई आधी मलाच फैलावर घेतील. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो आणि त्या घरोघर पिंपं तपासत येतात. त्यामुळे अळ्या पाळायच्या नाहीत. गुरांच्या हौदात सापडल्या तर गाळून घ्यायच्या, एरवी दाणे. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन बास, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं. मधूनच एखादा दिवस उपाशी ठेवलं तर पोट फुगत नाही. हे कळल्यापासून एकादशीचा डबा आईंनी आपल्या ताब्यात घेतला आहे. त्या दिवशी पोरगं कितीही गयावया करो, पैलवानाला दाणा नाही.

मध्ये पाण्यावर बुडबुड्यांचा फेस दिसला. पोरगं घाबरलं. ते नराचं घरटं, अंड्यांसाठी बांधलेलं. मासा खूश असल्याची ती खूण असं सगळे सांगतात, मला ते तितकं पटत नाही; वयात आलेला नर बरणीतसुद्धा फेस बांधतो. मी बघते ती भूक, रंग आणि उघडे पर. आरसाही आता क्वचित, तोही मिनिटभर. सतत फुगायला लावलं की तो थकतो.

गेल्या महिन्यात चुलतदिरांच्या मुलानंही फायटर आणला, आणि सुट्टीला आल्यावर दोघांनी माशांची कुस्ती ठरवली. मी काही म्हणायच्या आत आईंनी दोन्ही टाक्यांच्या मध्ये जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा केला आणि पोरांना गोठ्यातलं शेण काढायला पाठवलं.