‘संपला’ म्हणण्यापूर्वीं

न्यायासनावर बसावयाचें तर कायद्याची परीक्षा द्यावी लागते, आणि वैद्यालाहि नाडी धरण्यापूर्वीं कित्येक वर्षें अभ्यास करावा लागतो. परंतु वेगवान गोलंदाजाचें भवितव्य ठरविण्यास हातांत वर्तमानपत्र आणि पुढ्यांत चहाचा पेला एवढी सामग्री आपणां सर्वांना पुरते. फलंदाज दोन डावांत लवकर बाद झाला तर ‘त्याचा दिवस नव्हता’ असें आपण उदारपणें म्हणतों. गोलंदाजाला मात्र दोन सामन्यांत बळी मिळाले नाहींत, कीं ओसरीवरून निकाल बाहेर पडतो: ‘संपला!’

२००६ सालच्या आरंभीं आमच्या घरीं हा निकाल झहीर खानविरुद्ध लागला. श्रीरामपूरचा हा डावखुरा तरुण अभियांत्रिकी शिक्षणाची वाट सोडून मुंबईस आला आणि पुढें बडोद्याकडून रणजी सामने खेळला. २००० सालीं नैरोबीच्या स्पर्धेंत त्यानें स्टीव्ह वॉसारख्या कसलेल्या फलंदाजाचा त्रिफळा उडविला, तेव्हां याच ओसरीवर पेढे वांटण्याची भाषा झाली होती. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत त्याच्या पहिल्याच षटकांत १५ धांवा निघाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिस्बेन येथें त्यानें एका डावांत ५ बळी घेतले. पण त्याच दौऱ्यांत शरीरानें दगा दिला. शेवटीं पाकिस्तानच्या दौऱ्यानंतर, इंग्लंडविरुद्धच्या घरच्या कसोटींसाठीं संघ निवडला गेला तेव्हां, त्याचें नांव यादींतून गळलें.

आमच्या मामांनीं निवडसमितीचा पक्ष घेतला. ते बँकेंतून निवृत्त झालेले. प्रत्येक सामन्याचे आकडे टिपून ठेवण्याची त्यांची एक वही आहे. ती उघडून ते म्हणाले, “कराचीस इरफान पठाणनें पहिल्याच षटकांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. रुद्रप्रताप सिंग आलाच आहे. मुनाफ पटेल आणि श्रीशांत दाराशीं उभे आहेत. संघ म्हणजे कांहीं धर्मशाळा नव्हे!” माझा भाचा उसळून म्हणाला, “मामाआजोबा, फैसलाबादला त्यांच्या ५८८ धांवा आणि आपल्या ६०३! तसल्या खेळपट्टीवर कोणत्या गोलंदाजाची अब्रू राहणार?”

वाद आठवडाभर चालला. भाचा नेहमींपेक्षां अधिक कळवळून बोलत होता, आणि त्याचें कारण खेळपट्टींत नव्हतें. तो नुकताच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेंत नापास झाला होता. घरांत त्या विषयावर कोणी बोलत नसे. पण सर्वजण त्याच्याकडे एका विशिष्ट दयेनें पाहत, आणि ती दया त्याला कळत असे. तो झहीर खानची वकिली करीत होता हें खरें. परंतु आरोपी दोन होते.

निवडसमितीवर तोंडसुख घेणें सोपें असतें. आपण झालेल्या सामन्याचा निकाल देतों. तिला न झालेल्या सामन्यावर पैज लावावी लागते. त्यांतहि वेगवान गोलंदाजाची पारख विशेष कठीण, कारण त्याचें हत्यार म्हणजे त्याचें शरीरच. धांवत यावयाचें, उडी घ्यावयाची आणि सर्व भार पुढच्या एका पायावर घेऊन चेंडू सोडावयाचा, हें एका दिवसांत शेंसव्वाशें वेळां! मांडी किंवा पोटरी किंचित् दुखत असली तरी वेग घटतो, आणि तें दुखणें वहींतल्या आकड्यांत उमटत नाहीं. उलट, सुंदर टाकलेला चेंडू बॅटीच्या कडेपासून केंसभर अंतरानें निघून जातो. वहींत त्याचीहि किंमत शून्यच.

वगळला गेल्यावर झहीर त्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत वूस्टरशायर कौंटीकडून खेळावयास गेला. तेथें ना आमची ओसरी, ना आमचे पेढे. आज या गांवीं तर चार दिवसांनीं त्या गांवीं, असा सारा हंगाम त्यानें चेंडू टाकण्यांत घालविला. चेंडू टाकण्यापूर्वींची धांव आखूड केली, चेंडू सोडतांनाची उडी आंवरती घेतली, आणि नुसत्या वेगाच्या मागें न लागतां चेंडू हवेंत दोन्ही बाजूंना वळविण्याची कला घांसूनपुसून घेतली. त्या एका हंगामांत त्यानें ७८ बळी मिळविले. एसेक्सविरुद्ध एका डावांत १३८ धांवांत ९! ती बातमी आमच्या वर्तमानपत्राच्या आंतील पानावर चार ओळींत आली होती. मामांनीं ती कात्रीनें कापली, परंतु आपल्या वहींत चिकटविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती भाच्याच्या गणिताच्या पुस्तकांत खूण म्हणून ठेवलेली मला दिसली. दोघांपैकीं कोणीहि तिचा उल्लेख केला नाहीं.

डिसेंबर २००६ मध्यें झहीर दक्षिण आफ्रिकेंत पुनः भारतीय संघांत होता, आणि जोहान्सबर्ग येथें त्या देशांतील आपला पहिला कसोटी विजय मिळाला. जुलै २००७ मध्यें नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर त्यानें सामन्यांत ९ बळी घेतले, आणि त्या विजयाच्या बळावर १९८६ नंतर प्रथमच आपण इंग्लंडांतील मालिका जिंकली. मग मामा म्हणूं लागले, “वगळला म्हणून सुधारला.” भाचा म्हणे, “लायक होता म्हणून परतला.” मला दोन्ही मतें मान्य आहेत, कारण तीं परस्परविरुद्ध नाहींतच. वगळणें हा पुढच्या सामन्यापुरता निर्णय असतो. तो कधीं योग्य ठरतो, कधीं अयोग्य. ‘संपला’ हा मात्र निर्णय नव्हे, तो शाप आहे. निर्णयांत परतण्याची वाट मोकळी असते. शाप ती वाटच बुजवूं पाहतो.

आणि ज्याच्या नांवानें आपण एवढे भांडतों तो ‘फॉर्म’ म्हणजे तरी काय? २ एप्रिल २०११ रोजीं वानखेडे मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत झहीरनें पहिलीं ५ षटकें टाकलीं. त्यांतील ३ निर्धाव, धांवा ६, बळी १. उरलेल्या ५ षटकांत ५४ धांवा गेल्या. गोलंदाज तोच, मैदान तेंच, दिवसहि तोच! आरंभ पाहून उठून गेलेला मनुष्य त्याला अद्वितीय म्हणेल. अखेरीस येऊन बसलेला म्हणेल, ‘संपला’. त्या संपूर्ण स्पर्धेंत त्याचे बळी २१ झाले, आणि त्याहून अधिक कोणाचेच नव्हते.

शरीराला अंत आहे, आणि वेगवान गोलंदाजाला तो लवकर गांठतो. त्याच वर्षीं जुलैंत लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशीं मांडीचा स्नायू दुखावून झहीर मैदानाबाहेर गेला. २०१५ च्या ऑक्टोबरांत त्यानें निवृत्ति जाहीर केली, तेव्हां ९२ कसोटींतील ३११ बळी त्याच्या नांवावर होते. शेवटचा शब्द उच्चारला गेला खरा. पण तो त्याचा त्यानेंच उच्चारला. भाच्यानेंहि पुढच्या खेपेस ती परीक्षा दिली, आणि तो उत्तीर्ण झाला.

दौऱ्याचा संघ जाहीर होण्याच्या आदल्या संध्याकाळीं आमच्या ओसरीवर आजहि वाद रंगतो, आणि तो रंगावाच. त्यावांचून क्रिकेटची गोडी ती काय? फक्त घरांतलीं मुलें तो ऐकत असतात, आणि आपण नक्की कोणाविषयीं बोलत आहों, हें तीं आपापल्या परीनें ठरवीत असतात. एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुरे.