मामूंचा कान

टॅपेटचा आवाज बारीक. इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा टिक, आणि त्यासाठी कोणी धंदा बुडवून बसत नाही. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिन सकाळी खडखडते आणि तापल्यावर गप्प होते. कनेक्टिंग बेअरिंगचे याच्या उलट. इंजिन तापून ऑईल पातळ झाले की ते ठोकू लागते. मेन बेअरिंगचा ठोका आणखी खोल, छातीत ऐकू यावा असा. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरामागे मामूंची शेड आहे. तिथे ही बाराखडी मला शाळेतल्या बाराखडीबरोबरच मिळाली.

मामूंचे हत्यार म्हणजे हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. त्याआधी ते गेज काढून ऑईल दोन बोटांत चोळून पाहत. डिझेल इंजिनाचे ऑईल काळे होतेच, त्याला ते भीत नसत. दुधाळ झाले तर पाणी शिरले. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. बोटावर तांबूस चमक दिसली की मात्र ते बोलायचे थांबत. बेअरिंगचा मऊ थर झिजून खालचे तांबे उघडे पडल्याची ती खूण.

2019 च्या जुलैअखेरची गोष्ट. पावसाळी मासेमारी बंदी 31 तारखेला संपणार होती. एक मालक सहा सिलिंडरचे इंजिन दाखवायला मामूंना बोटीवर घेऊन गेला. म्हणाला, "मामू, टॅपेट आहे. जाड ऑईल टाका, परवा सुटायचंय." जाड ऑईलने ठोका दबतो, प्रेशरचा काटाही वर येतो, झीज होती तशीच राहते. मग एखाद्या दिवशी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि तेव्हा बोट किती वाव पाण्यात असेल ते आधी कोण सांगणार? तांडेल धरून आठ माणसे जाणार होती. नेपाळहून आलेल्या दोन खलाशांना पोहताही येत नव्हते.

मामूंनी नोजलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. चौथ्याला ठोका मंदावला. पण बिघडलेल्या नोजलनेही असेच होते. म्हणून चौथ्याचा नोजल दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा चौथ्याला लावला. ठोका चौथ्यालाच राहिला. "चेंबर उतरवा," मामू म्हणाले.

मालक चिडला. "मामू, तुम्हाला अजान तरी ऐकू येते का आता?"

कोणी हसले नाही. मामू म्हणाले, "अजान येते. टॅपेट येत नाही. म्हणून तर सांगतो, हा टॅपेट नाही."

चेंबर उतरवला तेव्हा चौथ्याचे शेल तांबडे निघाले. नशिबाने क्रँकला ओरखडे नव्हते. बोट 9 ऑगस्टला सुटली. ते बुडालेले दिवस मालक अजून मोजून दाखवतो.

मामू म्हणाले ते अक्षरशः खरे होते. यंत्राच्या आवाजाने कान जातो तो वरच्या पट्टीपासून, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. आधी टॅपेट गेले, मग पट्ट्याची किंचाळी, मग घरातली व्यंजने. तराबीहला हाफिजसाहेबांचा आवाज येतो, पण सीन आणि शीन वेगळे येत नाहीत, असे ते सांगतात. नातीचे बोलणे तिच्या ओठांवर वाचतात. 1948 च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत हा बहिरेपणा रोग म्हणून आला खरा, पण तीन माणसांची शेड त्या कायद्यात कधी बसलीच नाही. यंत्रावर जगणारे आपले किती मिस्त्री आणि लूमवाले या हिशेबाबाहेर राहिले, हे ज्याचे त्याने आपल्या मोहल्ल्यात पाहावे.

शेडमधल्या दोन पोरांसाठी मी मागल्या वर्षी कानावर घालायचे मफ नेले. थोरला म्हणाला, "कान झाकले तर इंजिन ऐकू कसं?" प्रश्न चुकीचा नव्हता. मामूंनीच वाटणी करून दिली. रेस देताना मफ, मंद चालीवर आवाज शोधताना कान उघडे. धाकटा पाळतो. थोरला मफ गळ्यात अडकवून हिंडतो, आणि मामू त्याला ओरडतात तेव्हा ऐकू आले नाही असे दाखवतो.