भाऊ आला का?

संध्याकाळचे सहा वाजले की आई विचारते, "भाऊ आला का रे?"

भाऊमामाला जाऊन बारा वर्षं झाली. (घरचे वाचणारे आहेत, त्यांना सांगायला नकोच.) सुरुवातीला मी खरं ते सांगायचो. मग आत्ताच ऐकल्यासारखी ती रडायची, आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा तोच प्रश्न. शेवटी एकदा म्हटलं, "येईलच."

बाबांना ते अजिबात आवडलं नाही. ते 'आजचा सुधारक'चे जुने वर्गणीदार. दि. य. देशपांड्यांनी 1990 साली नागपुरात सुरू केलेलं हे विवेकवादी मासिक; कितीतरी वर्षं त्याचा पत्ता आमच्या धरमपेठेतलाच होता. बाबांच्या लेखी खोटं ते खोटं, मायेपोटी का असेना.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. नसलेल्या फाटकाला टेकून उभं राहता येत नाही, मग नसलेल्या माणसाची वाट कशी पाहता येते? ब्रेंटानोने 1874 साली मनाची हीच खूण सांगितली. मन नेहमी कशाकडे तरी वळलेलं असतं. विषयोन्मुखता म्हणू या. दगड कशाविषयीच नसतो. आईचं वाट पाहणं मात्र भाऊविषयी असतं, भाऊ असो वा नसो.

पण तिच्या वाक्याचा अर्थही तेवढाच का? विट्गेनस्टाइनचं उत्तरकाळातलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1953 साली आलं. त्यात तो सांगतो की, शब्द वापरले कसे जातात ते बघा. अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो. मग मी बघायला लागलो. प्रश्न सकाळी कधीच येत नाही. येतो तो दिवेलागणीला, दाराकडे बघत. लहानपणी आजी सगळी पोरं आत आल्याशिवाय कडी लावायची नाही, हे आईनेच सांगितलेलं.

परवा म्हटलं, "आई, घरचे सगळे आत आहेत."

"मग दार लावून घे," ती म्हणाली आणि वाती वळत बसली. बाबांनी पेपरातून मान वर केली, काही बोलले नाहीत. वाक्य खोटं नव्हतं ना!

असो. जिंकलो असं वाटलं होतं. काल तिने दार लावू दिलं, आणि मग हळूच विचारलं, "पण भाऊ?"

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. तिच्याजवळ बसून राहिलो.